शेवट फाटलेल्या गोष्टींची पेटी

मी सारा, कैलासवासी यशया आढाव यांची बायको, ऱ्हानार देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा अहमदनगर, वय साठीच्या पुढं, धंदा फुटाने-शेंगदाने भाजून इकनं, हा कागद माझ्या हातानं लिवते. डोकं ठिकानावर हाय. कुनी दम दिलेला न्हाई. दिला असता तर त्यालाच लिवायला बसवलं असतं. मिशनच्या शाळेत तिसरीपतूर शिकले, तवा अक्षर असंच येनार. राहुरीच्या वकिलानं मसुदा करून वाचून दाखवला हुता. त्यात "सदरहू" लई हुतं, मानूस एकबी नव्हता. म्हनून मीच बसले. देवानं त्याच्या येळंला मला न्यावं. मी तयार हाय, पन घाई न्हाई.

कलम पहिलं. घर. म्होरच्या दोन खोल्या, मधलं अंगन आनि लिंबाचं झाड माझा मुलगा प्रभुदास याला. तो नगरला मोटारीच्या कारखान्यात काम करतो, हितं येनार न्हाई, मला ठाव हाय. भाड्यानं दे, पन दारूच्या गुत्त्यावाल्याला देऊ नको. मागची भट्टीची शेड यात धरू नये. तिचं म्होरं लिवलंय. पोस्टातलं जे काय असंल ते बी प्रभुदासलाच.

कलम दुसरं. माझी मूठमाती. साधी पेटी, साधं फडकं. बँड लावू नये. पाळकसाहेबांनी बायबलातला एकच शास्त्रपाठ वाचावा आनि त्यावर बोलू नये. यशयाच्या टायमाला ते इतकं बोलले, की उन्हात दोन बाया आडव्या झाल्या आनि मानसं मयताला सोडून त्यांनाच वारा घालीत बसली.

कलम तिसरं. सून फिलोमिना हिला माझं डोरलं, जांभळं लुगडं आनि मोठी परात. परात माझी भावजय मरिया हिच्याकडं हाय. एका लग्नाला नेली ती नेलीच. फिलोमिनानं जाऊन मागावी. मी मागितली की मरिया रडती, आनि रडनाऱ्या बाईकडनं परात घ्यायला मला जमत न्हाई. फिलोमिनाला जमंल. ती रोमन कॅथलिक मंडळीतली म्हनून मी लग्नाला आडवी आल्ते. पन पोरगी खमकी निघाली. ते आता मिटलं.

कलम चौथं. भट्टीची शेड, कढई, झारा, चाळनी आनि भाजायची वाळू शेजारीन छबूबाई हिला. वाळू टाकून देऊ नये, ती मुरलेली हाय. छबूबाईचा हात माझ्यापरीस हलका हाय. फुटाना जळत न्हाई. हे मी जित्तेपनी तिला म्हनले न्हाई, कारन मग ती दुसरी भट्टी घालती.

कलम पाचवं. पेटी. हे मोठं हाय, वाचनाऱ्यानं बूड टेकून बसावं.

दुसऱ्या लढाईच्या सालांत नगरच्या छावनीत गोरे सोल्जर लई हुते. त्यांची वाचलेली इंग्रजी मासिकं रद्दीत यायची आनि मी पुड्या बांधायला ती वजनावर आनायची. एकदा एकावर रंगीत चित्र निघालं. तांबडी जमीन, काळं आभाळ, आनि डोक्यावर काचंची बरनी उपडी घातलेला एक मानूस. मिशनच्या शाळेतले सत्यवान मास्तर फुटाने घ्यायला आल्ते. मी त्यांना दाखवलं.

"मास्तर, ह्यो काय करतोय?"

"साराबाई, हा मंगळावर गेलाय."

"कशाला?"

"वाचल्याशिवाय कसं सांगू?"

"मग बसा आनि वाचा. फुटाने माझ्याकडनं."

मास्तर इंग्रजी बघायचे आनि तोंडानं मराठी सांगायचे. बाजारचा दिस हुता. भट्टीभवती मानसं जमली, बैलं उन्हात तशीच. मंगळावर पानी थोडं, पाट लांब. वरची मानसं पानी अडवून बसलेली, शेपटाकडची तहानेली. त्यात हा बरनीवाला जाऊन पडला. आमी समदे त्यात गुतलो आनि मास्तर थांबले. म्हनाले, "पुढं पानं नाहीत."

नसनारच. पुडीवाला कागद मागनं फाडतो, वरचं जाड पुठ्ठं राखतो. समदेच फाडतात. त्या गोष्टीच्या शेवटात आदल्या बाजारी कुनीतरी शेंगदाने खाल्ले असतील.

मानसं उठंनात. तवा कानिफनाथ मुसमाडे बोलला. त्याचा ऊस पाटाला लागून हाय, पान्याच्या पाळीवरनं त्याचं निम्म्या गावाशी भांडून झालंय. म्हनला, "शेवट मी सांगतो. तितं पाळी लागली. आदी शेपटाला पानी, मग वरच्याला. पाळी मोडंल त्याचं दार बंद. आनि बरनीवाला परक्या मुलखाचा, त्याचा कुनी भाऊबंद न्हाई, म्हनून त्यालाच पानी वाटनारा पाटकरी केला. तो तितंच ऱ्हायला."

छबूबाईनं इचारलं, "त्याच्या आईला कळवलं का?"

कानिफनाथ म्हनला, "कळवलं. ती बी गेली ऱ्हायला."

मंग मानसं घरी गेली.

असा आमचा मेळा सुरू झाला. दर माघी पुनवेला, चांद वर असताना, माझ्या भट्टीवर. मास्तर वाचनार, मानसं शेवट करनार, आनि मेळ्यानं धरला तोच शेवट खरा. रद्दीत कदी पुरी गोष्ट आली तर मी शेवटाची पानं आदीच फाडून पुड्या बांधायची. तसा नियमच झाला. राहुरीहून, नगरहून, पारनेरहून मानसं भाकरी बांधून यायची. म्हार, माळी, मराठे, आमची मंडळी, समदी एकाच पोत्यावर बसायची, कारन पोतं एकच हुतं. पारनेरची लंकाबाई चाळनीला मोराची पिसं लावून डोक्यावर घालायची आनि सांगायची, "मी चांदावरची पाटलीन." एका साली कानिफनाथ खरी काचंची बरनी डोक्यात घालून आला आनि ती निघंना. करडीचं तेल ओतून मास्तरांनी आनि मी ओढून काढली. आतनं तो वरडत हुता, "कान ऱ्हाऊ द्या!" इतकं मी नवऱ्याच्या हयातीतबी हसले नव्हते.

मंग मास्तर एका कामाला मुंबईला गेले. तितं फुटपाथावर त्यांना त्या पहिल्या मासिकाचा पुरा अंक घावला. शेवटासकट. पुनवेला घेऊन आले, तोंड उजळलेलं. म्हनाले, "मंडळी, आज खरा शेवट." आनि वाचला. बरनीवाला सुरुंग लावून पाट फोडतो, समदी बुडतात, आनि तो तितल्या राजाची पोरगी घेऊन इमानात बसून घरी येतो.

मंग कानिफनाथ बोलला.

"पाट फोडला?"

"छापलंय तसं."

"पाट फोडनाऱ्याला आमच्यात बेड्या घालत्यात, मास्तर. पोरगी देत न्हाईत."

"अहो, लिहिणाऱ्याने लिहिलंय. आपण कोण बदलणारे?"

"त्यानं जल्मात पाट बघितलाय का?"

"आणि तुम्ही मंगळ बघितलाय?"

"बघितलाय की. पहाटं पान्यावर मी असतो. तुमी घोरत असता."

मानसं हसली. मास्तरांना ते लागलं. इतकी वरसं त्यांच्याच जिवावर गोष्टी ऐकल्या, आनि हसायचं त्यांनाच. ते उठून गेले. म्होरच्या साली पारनेरच्या शाळेत बदली घेऊन तितं त्यांनी आपला मेळा घातला. पुऱ्याच गोष्टी वाचायच्या, शेवट छापलेला तोच. दिस कुठला? तर माघी पुनवच. कानिफनाथानंबी दिस बदलला न्हाई. बिचाऱ्या लंकाबाईला एका चाळनीत दोन गावं कशी करावी ते कळंना.

तवापासनं काय झालंय ते मी बघते. देवळालीत शेवट करनारी मानसं हायेत, पन इंग्रजी वाचनारा न्हाई. आमी चित्रं बघून गोष्ट बांधतो, ती दर साली पाटावरच जाऊन थांबती. पारनेरला वाचनारा हाय, पन गोष्ट सपली की मानसं धोतर झटकून उठतात. कुनी भांडत न्हाई. लंकाबाई म्हनती, तितं आता चाळनी घालून जायची लाज वाटती.

आनि दोघंबी माझ्याकडं पेटी मागतात. यशयाची लोखंडी पेटी, त्यात मेळ्याची समदी मासिकं हायेत. मास्तर म्हनतात, "भाषांतर माझं, पेटी माझी." कानिफनाथ म्हनतो, "शेवट आमचं, पेटी आमची." मी म्हनते रद्दी माझी, वजन करून आनलेली, तुमी दोघं माझ्या भट्टीचा धूर खात बसलेले.

तर पेटी दोघांनाबी न्हाई. पेटी छबूबाईला, भट्टीसंगट. तिला वाचता येत न्हाई म्हनून ती कुनाच्या बाजूची न्हाई, आनि बरनीवाल्याच्या आईला कळवलं का हे इचारनारी तीच एक हाय.

कलम सहावं. पेटीची अट. पेटी माघी पुनवेला भट्टीवरच उघडायची, आनि मास्तर नि कानिफनाथ दोघं हजर असतील तरच. वाचनार मास्तर. आदी मानसांचा शेवट हुईल. छापलेला शेवट घावला असंल तर तो दुसऱ्या दिशी सकाळी, गाड्या जुपताना, ज्याला पायजे त्याला मास्तरांनी सांगावा. मला इचाराल तर मला दोन्हीबी ऐकायला आवडतं. सुरुंगाचा शेवट वंगाळ हाय, पन मास्तरांनी वाचला झकास. हे त्या रातीला म्हनायला पायजे हुतं, पन कढई जळत हुती.

दोघांतला एक जरी आला न्हाई तरी त्या साली छबूबाईनं पेटीतलं एक मासिक काढावं आनि त्याच्या पुड्या बांधाव्यात. वरच्या रंगीत चित्रासकट. पेटी सपंपतूर.

कलम सातवं. साक्षीदार. वकिलाच्या मसुद्यात एकच गोष्ट कामाची निघाली. म्हनले, साक्षीची सही करनाऱ्याला त्या कागदातलं काही मिळत न्हाई, आनि दोन सह्या नसतील तर कागद चालत न्हाई. मी त्यांना चहा पाजला.

आज मी मास्तरांना पारनेरहून आनि कानिफनाथाला मळ्यातनं बोलावलं. दुसरा येनार हे एकालाबी सांगितलं न्हाई. मास्तर हरभऱ्याच्या पोत्यावर बसलेत, कानिफनाथ पेटीवर. हितपतूर वाचून दाखवलं. तोंडं बघन्यासारखी झाली.

मास्तर म्हनाले, "साराबाई, सही केली तर माझा हक्क गेला."

"गेला."

कानिफनाथ म्हनला, "मावशे, आनि न्हाई केली तर?"

"तर कागद रद्द. मंग समदं सरळ वारसाला, म्हंजे प्रभुदासला. तो तिला रद्दीची पेटी म्हनतो. मासिकं ओतून त्यात मोटारीची हत्यारं ठेवनार हाय. त्यानं मापबी घेतलंय."

मंग मास्तरांनी कानिफनाथाला इचारलं, आज पैल्यांदाच त्याच्याकडं बघून, "त्या शेवटात शेपटाला आधी पाणी का दिलंत? कायद्यानं तर वरच्याला आधी."

कानिफनाथ म्हनला, "मास्तर, वरच्याला आदी दिलं तर शेपटाला कदीच मिळत न्हाई. मी शेपटाचाच हाय."

"हे तेव्हा सांगितलं असतं तर."

"तुमी बसला असता तर सांगितलं असतं."

मी दोघांना म्हनले, गप बसा, मला लिवू द्या, शाई वाळती.

आनखी कुनाला काही द्यायचं ऱ्हायलं न्हाई. कुनाचं मनात ठेवलेलं न्हाई, मरियाची परात सोडून. माझं बरं चाललं. पोट भरलं, पोरगा लागला, आनि तिसरी शिकलेल्या बाईच्या भट्टीवर मानसं मंगळाच्या पान्यासाठी भांडली. ह्याच्याम्होरं काय पायजे?

हा कागद मी खुशीनं, शुद्धीत, दिसाउजेडी, दोघांच्या देखत लिवून सही केली.

सारा यशया आढाव

मुक्काम देवळाली प्रवरा, तारीख ५ डिसेंबर १९४९

साक्षीदार : सत्यवान पौलस उजागरे, शिक्षक, सध्या पारनेर. साराबाईंनी माझ्यासमोर सही केली. मी कागद वाचून, समजून सही केली आहे. माझा पेटीवर काही हक्क राहिला नाही हे मला मान्य आहे. वरील मजकुरात मी घोरतो असे आले आहे, ते मान्य नाही.

साक्षीदार : कानिफनाथ सहादेव मुसमाडे, शेती, देवळाली प्रवरा. मावशीनं नि मास्तरनं माझ्यादेखत सही केली. माझाबी हक्क न्हाई. मास्तर, माघी पुनवेला पारनेरची मानसं जेवू घालून आनू नगा. भाकरी हितं हुतील.