पदाआधीचं वाक्य

ताई,

तुझं ते संगीत नाटक पुन्हा रंगमंचावर आलंय. आत तिसरा अंक चालू आहे आणि मी बाहेर जिन्यात बसून जाहिरातीच्या पाठीमागे हे खरडतोय. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो.

कुणी हाकललं नाही, मीच उठलो. नवी नायिका गोड गाते. तुझ्याइतकी नाही, पण लगेच फुशारून जाऊ नकोस. शेवटच्या पदाआधी ती थांबली. चाळीस वर्षांपूर्वी तू वाक्य विसरून थांबली होतीस, नेमकी तिथेच. आणि मी पाचव्या रांगेतून मोठ्याने वाक्य पुरवलं! बारा वर्षं विंगेत प्रॉम्प्टिंग केलेली जीभ, आवरलीच नाही. सगळं थिएटर वळलं. पुढच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, तिला येतंय हो. ती मुद्दाम थांबलीय."

तू थांबलीस त्या रात्री मी सगळ्यांना सांगितलं होतं की प्रॉम्प्टिंगच्या वहीची पानं चिकटली, म्हणून वाक्य पुरवता आलं नाही. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस, आणि पुन्हा कधी रंगमंचावर पाऊलही ठेवलं नाहीस.

पानं चिकटली नव्हती, ताई. त्या सकाळी तू आईला म्हणालीस, "त्याचं काय, नुसतं वाचायचं असतं. कुणीही वाचेल." ते मला झोंबलं होतं.

हेही पत्र खिशातच राहणार, म्हणून लिहितो. आज कुणी न मागता ओरडलो. त्या दिवशी तू तीनदा विंगेकडे पाहिलंस. माझं बोट त्याच ओळीवर होतं.

तुझा धाकटा