माझ्या लग्नातले नऊजण

रूबेनमामा,

'प्रिय' लिहायला घेतलं, पण हात वळेना. तुम्ही मेलात आणि माझं भांडण अर्धवट राहिलं, म्हणून लिहून राहिले. काल मामी आली होती. उद्या तुम्हाला वर्ष होतंय. तुमचा दानियल बापासाठी कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणणार. त्याला आपल्या यहुद्यांतले दहा पुरुष लागतात आणि नांदेड-पूर्णा मिळून नऊच भरतात. मामी म्हणाली, "रिबका, तुझ्या मालकाला धाड गं माय."

कोणत्या तोंडानं मागता हो मामा? माझ्याच नवऱ्याला?

माझं लग्न आठवतं का? न्हाई? मी आठवण देते. मांडवात बायका खंडीभर होत्या. पण जेवणानंतर बिरकत म्हणून देवाचे आभार मानायचे आणि नवरानवरीला सात आशीर्वाद द्यायचे, तर दहा पुरुषच लागतात. नवरदेव धरून बरोबर दहा होते. दहावे तुम्ही, आईचे सख्खे भाऊ!

सगळे पंगतीत बसले. तुम्ही मात्र कोपऱ्यात खुर्ची ओढून, मांडीवर ताट घेऊन वेगळे बसलात. आईला वाटलं, मानपानावरून रुसला. तिनं हाताला धरलं, "दादा, पंगतीत या ना." तर तुम्ही म्हणालात, "हितं बरं हाय." मटण मागून मागून घेतलंत. मग हात धुतले, ओठातल्या ओठात बिरकत पुटपुटलात, टोपी घातली आणि चालू पडलात.

इकडं बाबांनी आशीर्वादासाठी काळ्या मनुकांच्या शरबताचा पेला भरून हातात धरलेला. प्रार्थना म्हणायला आलेल्या हज्जानांनी पंगतीवर नजर फिरवली. "दहावे कुठं गेले?"

शेजारचे करीमचाचा टांगा घेऊन स्टेशनात पळाले. रेल्वेच्या बड्या साहेबाचा खास डबा यायचा होता म्हणून तुम्ही, स्टेशनातले तारबाबू, फलाटावर कोट झाडत उभे! अहो, रजा मंजूर होती ना तुमची? चाचा म्हणाले, "मियाँ, बच्ची की दुआ अटकी है, चलो!" आणि तुम्ही काय सांगून पाठवलंत? "माझी बिरकत म्हणून झाली. वेगळं जेवणाऱ्याला थांबायचं बंधन न्हाई."

वा, शाबास! नियम अगदी बरोबर, पंगतीत बसलेल्यानंच सगळ्यांची बिरकत होईपर्यंत थांबायचं. सकाळीच तुम्ही तो हज्जानांना विचारून ठेवला होता. त्यांना वाटलं, कुणा पाहुण्याला गाडी गाठायची असेल. म्हणजे तोंडात घास घालायच्या आधीच तुमचं ठरलं होतं! घाईत विसरला असता, तर मी कधीच माफ केलं असतं. तुम्ही ठरवून गेलात, मामा.

पांढरी साडी नेसून मी मान खाली घालून बसलेली. बाबांनी पेला तसाच खाली ठेवला. मांडवात एकदा आशीर्वाद झाले होते, लग्न लागलं होतं, सगळं कबूल. पण सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "अशी कशी बाई तुमच्याकडची माणसं?" त्यानंतर आई मरेपर्यंत तुमच्याशी नीट बोलली न्हाई. कळलं होतं का तुम्हाला, का ते? आणि तो साहेब? मामीनंच सांगितलं, झोपला होता म्हणे. खिडकीसुद्धा उघडली न्हाई! मी लई हसले ऐकून. मग रडले.

काल मामीला जवाब द्यायला माझ्याकडं शब्द तयार होते. "येतील की! कोपऱ्यात वेगळं ताट वाढून ठेवा." अगदी जिभेवर आलं होतं. तिचं सुकलेलं तोंड बघितलं आणि गिळलं. आमचे हे ओसरीवरून ऐकत होते. म्हणाले, "मला मामीनं बोलावलंय. तुझ्या मामानं न्हाई." आणि जोडे पुसायला बसले. या माणसाच्या आशीर्वादावर पाणी फिरवलंत तुम्ही!

तर ऐका. उद्या हे येतील. पंगतीत मधोमध बसतील. दानियलचं कद्दिश, जेवण, बिरकत, सगळं होईपर्यंत हलणार न्हाईत. मी स्वतः दाराशी बसते. शेवटचं आमेन होईपर्यंत एकालाही उंबरा ओलांडू देणार न्हाई, मग तुमचा साहेब का येईना. हा माझा शब्द. राग सोडला असं समजू नका बरं का. घरी आले की पुन्हा धरीन.

तुमची भाची,
रिबका