शेळके मॅडमचा हात

१९ जानेवारी ९८, सोमवार

रोजा. रोज्यात दुपारचा तास म्हणजे पाण्याखाली बसून ऐकल्यासारखा. शेळके मॅडम नर्व्हस सिस्टिम संपवून राहिल्या होत्या. फळ्यावर मेंदू काढला. खडू थरथरत गेला, मेंदूची कड लोकरीसारखी झाली. कुणी हसलं नाही. हसत नाहीच कुणी. नर्सिंग स्कूलमधे आलेल्या प्रत्येक पोरीला पहिल्याच आठवड्यात सांगतात : भूकंपात मॅडमचे मिस्टर आणि मुलगी गेली, मॅडम इथं लातूरला ड्यूटीवर होत्या, तेव्हापासून हात हलतो.

माझी रूममेट सविता, चाकूरची. ती म्हणते, "आपण आलो तवा एवढा न्हवता हलत. दिवाळीपासून लई वाढलाय."

खरंय. पहिल्या वर्षी मॅडमनेच मला सुई धरायला शिकवली होती.

२२ जाने., गुरु.

एंडोक्राइन सुरू. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी. दोन पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखी, मॅडम म्हणाल्या. ती जास्त काम करायला लागली की काय होतं ते लिहून घ्या. खाणं वाढतं, वजन उतरतं. उकडतं. घाम. छातीत धडधड. डोळे मोठे, टक लावल्यासारखे. हातांना बारीक कंप.

आम्ही सगळ्या स्वेटरमधे. मॅडमने मधेच पंखा लावायला सांगितला.

माझं पेन थांबलं. वर बघितलं. मॅडमचं मनगट किती बारीक झालंय! बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. पुढचं काही लिहिलं नाही. सविताच्या वहीतून उतरवायचंय.

२३ जाने.

पहाटे सहरीचं खाऊन पुन्हा डोळा लागला तेव्हा स्वप्न. मॅडमच्या मानेत फुलपाखरू, कातडीखाली. पंख उघडतंय, मिटतंय. मॅडम म्हणतात, हात लावू नको, उडून जाईल.

दिवसभर ते डोळ्यांपुढून गेलं नाही. वॉर्डात दोनदा चुकीच्या कॉटवर थर्मामीटर घेऊन गेले.

२४ जाने.

सविताला सांगितलं. ती एकदम उठून बसली. "नसीमा, तू आता मॅडमला मॅडमचाच धडा शिकवणार का? त्या बाईचं घरदार गेलंय. हात न्हाई हलणार तर काय?"

बरोबर आहे तिचं. पण लायब्ररीतलं पुस्तक काढलं. भीतीनं कापणाऱ्याचा तळवा गार असतो, ग्रंथीवाल्याचा गरम आणि ओलसर. भीतीवाल्याची नाडी झोपेत शांत होते. ग्रंथीवाल्याची झोपेतही पळते.

आता मॅडमचा तळवा मी कसा बघणार!

२७ जाने., मंगळ.

फील्ड व्हिजिट. परतीच्या एस.टी.त मॅडमच्या शेजारी जागा मिळाली. उतरतं ऊन, खिडकीतून करडईची पिवळी शेतं मागं चाललेली. गाडी पाळण्यासारखी हलत होती, अर्ध्या पोरी पेंगत होत्या. मॅडमचीही मान खिडकीला टेकली. हात माझ्या बाजूला, उघडा पडलेला.

बराच वेळ नुसती बघत राहिले. मग दोन बोटं ठेवली.

गरम. ओला. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. एकशे चोवीस. आणि ताल नव्हता. एक ठोका यायचा, एक रेंगाळायचा, मग तीन एकदम घाईत. पुन्हा मोजलं. तेच.

मान वर केली तर मॅडम जाग्या. हात काढून घेतला नव्हता.

"किती?"

"एकशे चोवीस. मॅडम, तुम्ही झोपला होता."

"झोपेत?"

"हाव."

लातूर येईपर्यंत पोरींनी गाणी म्हटली. मला वाटत होतं मी कुणाचं तरी पत्र फोडून वाचलंय.

३० जाने.

ईद. धर्माबादला घरी. अब्बांनी नवी रजई भरून ठेवलीय माझ्यासाठी, हिरवी. रजया भरणाऱ्याच्या पोरीला हॉस्टेलात थंडी वाजू नये म्हणे. बारावीला दोन वर्षं लातूरच्या क्लासच्या गल्लीत राहिले, मेडिकलला थोडक्यात हुकले, तरी अब्बा अजून शेजाऱ्यांना सांगतात, "डाक्टरी लाइन में है." अम्मी नुसती हसते.

२ फेब्रु.

मॅडमसाठी शीरखुर्मा घेऊन खोलीवर गेले. पहिल्यांदाच. मालकाने एका घराच्या नऊ खोल्या केल्यात, आठांत क्लासची पोरंपोरी, एकीत मॅडम. प्लायवूडच्या पलीकडून कुणीतरी बायोलॉजी पाठ करत होतं. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, झोपेत बोलल्यासारखं.

मॅडमने दोन वाट्या संपवल्या. मग म्हणाल्या, "मला कळलं नसेल असं वाटलं तुला? नऊ वर्षं हा धडा शिकवतेय मी."

"मग तपासलं का नाही, मॅडम?"

पलीकडचं पाठांतर थांबलं. मॅडम हळू बोलायला लागल्या. घर बसलं तेव्हा सगळंच गेलं. फोटो, फ्रॉक, शाळेच्या वह्या. मुलीचं नाव ऋतुजा होतं, पहिलीत होती.

"आठव्या दिवशी हात हलायला लागला. म्हटलं, हे एवढं तिचं माझ्याकडं राहिलं. आता हे ग्रंथीचं निघालं तर?"

"तर गोळ्या आहेत," मी म्हटलं.

"आणि गोळ्यांनी हात थांबला तर? मग तिचं काय राहिलं?"

मी वाट्या धुवायला घेतल्या. निघताना म्हणाल्या, "शुक्रवारी रक्त देते. बरोबर ये."

६ फेब्रु., शुक्र.

रक्त दिलं. सॅम्पल सोलापूरला जाणार. सुई टोचताना मॅडमने तोंड फिरवलं, लहान पोरासारखं.

१२ फेब्रु.

रिपोर्ट आला. ग्रंथीच. मेडिसिनच्या सरांनी ई.सी.जी. काढला, हृदयाचा वरचा कप्पा नुसता फडफडतोय. ग्रंथीमुळेच. सर मॅडमवर रागावले, "सिस्टर, आणखी सहा महिने काढले असते तर गुठळी होऊन अर्धांग झालं असतं." ग्रंथीसाठी कार्बिमाझोल सुरू, हृदयासाठी प्रोप्रानोलॉल.

मॅडमने विचारलं, "सर, पहिल्यापासून ग्रंथीचंच होतं का?"

सर म्हणाले, "आधीचं मी कसं सांगू? आत्ताचं ग्रंथीचं आहे."

मॅडमने मान डोलावली. त्या "आधीचं"वर त्या किती वेळ थांबल्या ते मी बघितलं.

२० फेब्रु.

हार्टचा धडा. मॅडमने फळ्यावर हृदय काढलं. चार कप्पे, झडपा, महारोहिणीची कमान. एका दमात, गुळगुळीत रेघ. मग सविताने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

मॅडम खडू ठेवून बाहेर गेल्या.

पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होत्या. हात समोर धरून बघत होत्या. उन्हात हात अगदी स्थिर. "माझा वाटत नाही गं," म्हणाल्या. "कुणीतरी दुसऱ्याचा बसवल्यासारखा." रडत नव्हत्या. मी बाजूला उभी राहिले. टाकी भरून वाहायला लागली तरी दोघींनी नळ बंद केला नाही.

मी चांगलं केलं की वाईट, माहीत नाही.

१० मार्च

मॅडमचा चेहरा भरून आलाय. वजन दोन किलो वाढलं. बोलणं मात्र कमी. सविता म्हणते, "बाई बरी झाली अन् गप झाली." सविताला मी कधी कधी फार घाबरते.

२३ मार्च, सोम.

हे नीट लिहायचंय.

ब्लडचा धडा. मॅडमचा आवाज कालपासून बसलेला. टेबलावर कोमट पाण्याचा पेला. क्लासच्या पोरींचा सर्दीखोकला लागला म्हणाल्या. पांढऱ्या पेशी लिहून घ्या. त्या कमी कशाने होतात, औषधांची यादी. तिसरं नाव कार्बिमाझोल. "हे औषध घेणाऱ्या पेशंटचा घसा दुखला, ताप आला, तर सर्दी समजू नका. औषध थांबवा. त्याच दिवशी पेशींचा काउंट." वाक्य संपवून मॅडमने एक घोट घेतला. गिळताना डोळे मिटले.

दुपारचे तीन. पंख्याचा आवाज. साऱ्या पोरी माना खाली घालून लिहून राहिल्या होत्या. मला वाटलं हे सगळं आधी एकदा झालंय. त्या वेळी मी पाच दिवस गप्प बसले होते.

उभी राहिले.

"मॅडम, तुमचा ताप बघू द्या."

"बस खाली, नसीमा."

"न्हाई बसत."

वर्गात माना वर झाल्या. सविता काही न विचारता थर्मामीटर घेऊन आली. एकशे दोन. आम्ही दोघींनी धरून कॅज्युअल्टीला नेलं. काउंट अकराशे, चार हजार तरी पाहिजेत. ज्या पेशींनी जंतूंशी लढायचं त्या तर जवळपास नाहीतच. सरांनी कार्बिमाझोल तिथंच बंद केलं.

२६ मार्च

मॅडम वेगळ्या खोलीत. आत जायचं तर मास्क, गाऊन, हात धुवून. मी मागून ड्यूटी घेतलीय. सलाइनमधून अँटिबायोटिक. तापात बडबडतात, एकदा मला ऋतू म्हणाल्या. मी ओ दिली. द्यायला नको होती बहुतेक.

२८ मार्च

ताप उतरला. काउंट सोळाशे. खिडकीचा पडदा सारला, खोलीभर पांढरं ऊन. मास्कमागून विचारलंच.

"तुम्हाला माहीत होतं ना, मॅडम? घसा दुखला तेव्हाच?"

छताकडं बघत म्हणाल्या, "माहीत होतं. पण दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतेय असं वाटत होतं. त्या बाईचं काय व्हायचं ते होऊ दे, असं."

"आणि आता?"

"आता भूक लागलीय."

पातळ खिचडी आणली. अर्धी खाल्ली.

४ एप्रिल

काउंट चार हजारांच्या वर. डिस्चार्ज. ती ग्रंथीची गोळी आता जन्मात घ्यायची नाही, फक्त हृदयाची चालू. सर म्हणाले, हैदराबादला आयोडीनचं औषध पाजतात, एकदाच, ग्रंथी हळूहळू निजते. चिठ्ठी दिली. तारीख १६, गुरुवार.

मॅडमने चिठ्ठी पर्समधे ठेवली. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. बोटं पुन्हा थोडी हलायला लागलीत.

१२ एप्रिल, रवि.

मॅडम म्हणाल्या, गावी येतेस का? साडेचार वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या.

भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव जुन्यापासून लांब, माळावर. सरळ रस्ते, सारखी घरं, दारावर नंबर. ऊन असं की घरं पाण्यात उभी असल्यासारखी डुलत होती. मॅडमला मिळालेलं घर कोपऱ्यावर. कुलूप गंजलेलं, शेजारच्या म्हाताऱ्या काशीबाईंनी रॉकेल ओतून उघडून दिलं. आत एक खोली, रिकामी, कुणी कधी न राहिलेली. मॅडम भिंतीला हात लावत सगळीकडं फिरल्या.

काशीबाईंनी मॅडमचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "लई वाळलीस गं बाई. तुझी ऋतू माझ्या नातीबरोबर शाळंला जायची. दोघी वाटंत चिंचा खात बसायच्या, अन् मार मी खायची मास्तरचा." मॅडम हसल्या. मग विचारलं, "आणखी?" काशीबाई सांगत गेल्या. मी ओट्यावर बसून ऐकलं. कुठला फ्रॉक, कुठलं गाणं, कुणाशी भांडण. दीड तास. मॅडम प्रत्येक वेळी तेच म्हणायच्या, "आणखी?"

चारच्या गाडीला मॅडम म्हणाल्या, "तू हो पुढं. मी उद्या येते."

"मॅडम, गुरुवारी..."

"लक्षात आहे."

गाडीतून बघितलं तर दोघी दारात बसलेल्या, मधे सुपात काहीतरी निवडायला.

१५ एप्रिल, बुध.

सोमवारी मॅडम आल्या नाहीत. काल जयंतीची सुट्टी. आज पण नाहीत. वर्गात पोरींनी विचारलं, मी म्हटलं येतील.

संध्याकाळी खोलीवर गेले. मालकीणबाईंनी दार उघडून दिलं, त्यांनाही काळजी. पलीकडं परीक्षा जवळ आलेल्या पोरींचं पाठांतर. मॅडमच्या खोलीत सगळं जागच्या जागी. हैदराबादची चिठ्ठी टेबलावर, पुस्तकाखाली दाबलेली.

खाली बसले. चिठ्ठी उचलली, परत ठेवली. मग मांडणी बघितली. हृदयाच्या गोळ्यांची पट्टी तिथं नव्हती. सगळीकडं शोधली, उशीखाली, डब्यात. नाही.

म्हणजे बरोबर नेलीय. गोळी चालू ठेवलीय.

चिठ्ठी मी माझ्या पर्समधे घातली. पहाटे सहाची गाडी आहे त्या गावाला.