मी नव्हतो, जांभळी कळ होती

चि. चिमणीस दादाचे आशीर्वाद.

तुझा गुडघा आता बरा असेल. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार हे मला माहीत आहे, तरी करत असशील असं धरून चालतो. इकडे तुझी वहिनी मजेत आहे, मी मजेत नाही. फोन न करता पत्र लिहितोय याचं कारण तू फोनवर मध्येच बोलतेस, शिवाय हल्ली माझं नाव दिसलं की तुझा फोन आपोआप बंद पडतो. (वहिनीने केला की तोच फोन पहिल्या रिंगला उचलला जातो. यंत्रंही आता पक्ष घ्यायला लागली.) पत्रात मध्ये बोलता येत नाही. तेव्हा शांतपणे बसून वाच, आणि ताजा कलम आधी वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड या खेपेला आवर.

तुझ्या नवऱ्याने तुला सगळं सांगितलेलं आहेच, म्हणजे त्याची बाजू सांगितलेली आहे. माझी बाजू अशी. गेली अकरा वर्षं त्या कार्टूनमधल्या झेपला माझा आवाज आहे आणि डब्याला त्याचा. तुला हे ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण तुमच्या घरात सध्या या गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. झेप म्हणजे लाल रुमालवाला शूरवीर, उडतो, शहर वाचवतो. डबा म्हणजे त्याचा पत्र्याचा मित्र, अडखळतो, पडतो, पण साथ सोडत नाही. चित्रं बाहेरून तयार होऊन येतात, ओठ हलवून ठेवलेले असतात, आपण फक्त आपली भाषा त्या ओठांत बसवायची. अकरा वर्षांत रस्त्यावर मला एकाही पोराने ओळखलं नाही, पण भाजीवाल्याशी दोन शब्द बोललो तर तीन पोरं गर्रकन वळून बघतात. तुझा नवरा बोलला की ती हसतात. असं आमचं छान चाललं होतं.

आणि आता या वर्षीच्या भागांत त्या लेखकांनी काय करावं? एक दुष्ट शास्त्रज्ञ झेपच्या मानेवर जांभळी कळ चिकटवतो. झालं. झेपचे डोळे जांभळे, रुमाल जांभळा, आणि हा सद्गृहस्थ आपल्याच माणसांना झोडपत सुटतो. एक-दोन नाही, सहा भाग. मी चौकशी केली तेव्हा कळलं की सगळ्याच कार्टूनांत हे करतात. लेखकांचं डोकं चालेनासं झालं की नायकाचं डोकं दुसऱ्याच्या ताब्यात देतात. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. अगं, ज्या शास्त्रज्ञाला झेप अकरा वर्षं जेमतेम हरवत आला (तेही शेवटच्या मिनिटाला, डबा अडखळून नेमक्या बटणावर पडतो म्हणून), तोच झेप कळ लागल्याबरोबर आपल्या मित्रांना दीड मिनिटात लोळवतो. मग ही ताकद इतकी वर्षं कुठे ठेवली होती? आणि शास्त्रज्ञाकडे अशी कळ होती तर त्याने ती पहिल्याच वर्षी का नाही लावली, आम्ही सगळे सुटलो असतो. पण मला खरी चीड येते ती शेवटाची. डबा मार खात खात हाका मारतो, झेपच्या डोळ्यांतून एक थेंब पडतो, कळ तुटते, आणि सगळे मिठ्या मारतात. जाब कोणी विचारत नाही. डब्याची डावी बाजू पार चेपलेली असते, ती पुढच्या भागात गुळगुळीत. एवढा सगळा धुडगूस ‘मी नव्हतो, कळ होती’ या एका वाक्यावर माफ. हे वाक्य लक्षात ठेव.

आता प्रत्यक्ष प्रकार. एरवी आम्ही एकेकटे रेकॉर्डिंग करतो. खोली कपाटाएवढी, भिंतींना स्पंज, कागद ठेवायला एक स्टँड आणि पंखा बंद. आधी तुझा नवरा, मग मी. त्याचं काम संपलं तरी तो बाहेरच्या बाकावर बसून राहायचा आणि माझं झालं की आम्ही कोपऱ्यावर चहा घ्यायचो. (तो बाक सध्या रिकामा आहे. मी बघत नाही, पण दिसतो.) या खेपेला नवीन दिग्दर्शिका आली. वयाने आपल्या पुतणीएवढी, मला काका म्हणते आणि मग काकांना न शोभणारी कामं सांगते. तिने फर्मान काढलं की भांडणाच्या भागात दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, म्हणजे राग खरा वाटेल. मी तिला सांगितलं, बाई, मला राग आणायला कोणी समोर लागत नाही. तिने ऐकलं नाही. म्हणजे बघ, सुरुवातच दुसऱ्याच्या हुकमाने झाली, कळ तिथेच बसली माझ्या मानेवर.

त्यात आमच्या धंद्याची एक अडचण असते. तिकडच्या भाषेत एखादी गोष्ट सांगायला बारा शब्द लागतात, आपल्याकडे तीन पुरतात. झेपचं वाक्य होतं, ‘तू माझा मित्र नाहीस.’ ते मी बोललो, उत्तम बोललो, वाक्य संपलं. पण पडद्यावर त्याचे ओठ हलतच होते. चार सेकंद. एवढ्या वेळात एखाद्याचं लग्न मोडता येतं. बाकीचे लोक अशा जागी ‘हं’, ‘अरे’, ‘समजलं का’ असं काहीबाही कोंबतात. मला ते चालत नाही. अकरा वर्षांत माझ्या हातून एक ओठ रिकामा गेलेला नाही, हे तो साउंडवालाही सांगेल. रिकामे ओठ मला बघवत नाहीत. तेव्हा मी ते भरले. तोंडात आलं ते घातलं. आलं ते असं, ‘माझे विनोद चारचौघांत स्वतःचे म्हणून सांगतोस.’ अगदी मापात बसलं. काचेपलीकडून दिग्दर्शिकेने अंगठा दाखवला.

पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. पुन्हा ओठ शिल्लक. तिथे मी शिडी घातली. आता शिडीबद्दल तुझ्यापाशी वेगळं सांगायला नको. आमची घडीची शिडी तुझ्या नवऱ्याने दोन दिवसांसाठी म्हणून नेली त्याला तीन वर्षं झाली. त्या तीन वर्षांत आमच्या बोळातला दिवा बदललेला नाही, माळ्यावर काय आहे ते कोणाला माहीत नाही, आणि तुझी वहिनी स्टुलावर पाट ठेवून घड्याळाला किल्ली देते. मी एका शब्दाने बोललो नव्हतो. मूग गिळून बसलो होतो. पण तिथे अंधारात हेडफोन लावलेला, समोर जांभळ्या डोळ्यांचा झेप, त्याचे ओठ हलतायत आणि शब्द नाहीत, अशा वेळी शिडी बाहेर पडली त्यात माझा काय दोष? दिग्दर्शिकेला वाटलं, मागच्या वर्षीच्या भागातल्या चंद्रावरच्या शिडीचा हा संदर्भ आहे. तिने माझी पाठ थोपटली.

तिसऱ्या जागी मी म्हणालो, ‘माझी बहीण नेलीस, तीही परत आणून दिली नाहीस.’ हे तुझ्या कानावर आलंय आणि तू याच्यावरच जास्त चिडलेली आहेस, असं वहिनी सांगत होती. तू कपाळाला आठ्या घालण्याआधी स्पष्ट करतो की हे वाक्य कापलं गेलं. झेपला बहीण नाही. शिवाय बहीण आणि शिडी यांची मी बरोबरी केली असं जे तुला वाटतंय ते चुकीचं आहे. शिडीची मला इतकी आठवण येत नाही. पूर्वी तुम्ही दर रविवारी यायचात, हल्ली महिन्यातून एकदा, तेही उभ्या उभ्या.

चौथंही एक वाक्य होतं. ते काही महत्त्वाचं नाही.

यावर तुझ्या नवऱ्याने काय करायला हवं होतं? कागदावर छापलेलं आपलं वाक्य म्हणायला हवं होतं. डब्याचं वाक्य होतं, ‘मी आहे ना, तुझा डबा.’ सहा शब्दही नाहीत. त्याने ते म्हटलं नाही. हेडफोन काढला, खिळ्याला अडकवला, कागदाची चार घड्यांची घडी करून स्टँडवर ठेवली आणि निघून गेला. दारसुद्धा आपटलं नाही. (दार आपटणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.) दिग्दर्शिकेला ती शांतता इतकी आवडली की तिने ती तशीच ठेवली. मी मात्र पडद्यावरचा डबा तोंड हलवतोय आणि आवाज नाही, हे बघत उभा राहिलो.

त्यानंतर मी सगळं रीतसर केलं. निरोप पाठवला, मी नव्हतो, ओठ होते. त्यावर उत्तर आलं, ‘ओठांना शिडी कशी माहीत?’ हा वाद घालायचा प्रकार आहे, याला समजूतदारपणा म्हणत नाहीत. मग रविवारी स्वतः तुमच्याकडे आलो. तू दारात उभी राहून म्हणालीस, ते घरी नाहीत. त्याच्या चपला तुझ्या पायाशी होत्या आणि आतून कोणीतरी डब्याच्या आवाजात खोकलं. मी आल्या पावली वळलो. थोरला भाऊ आहे म्हणून मला मान नसेल, पण कान आहेत. जिना उतरताना मला एकच प्रश्न पडला होता. झेपने मित्रांवर इमारत पाडली तर त्याला मिठी, आणि मी चार सेकंद भरले तर मला बंद दार. हा कुठला न्याय?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की मला त्याची काही गरज नाही. मी झेप आहे, मी एकटा उडतो. त्याला माझा कुठलाही निरोप देऊ नकोस. हे पत्रही दाखवू नकोस. व्यायाम कर.

तुझा,
दादा

ता. क. निरोप नाही, नुसती माहिती म्हणून सांगतो. डब्याने हाका मारायच्या भागाचं रेकॉर्डिंग येत्या शुक्रवारी सकाळी दहाला आहे आणि तो शेवटचा दिवस आहे. तुझा नवरा आला नाही तर डब्याचं काम कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीतल्या माणसाला देणार आहेत, यापुढे कायमचं. मी त्याचा नमुना ऐकला. तो ‘झेप’ अशी हाक मारतो तेव्हा डाग गेल्यासारखं वाटतं. असल्या हाकेने कळ तुटणार नाही. मी जन्मभर जांभळा राहीन.

ता. क. दुसरा. शिडी सापडली. काल वहिनीने शेजाऱ्यांची शिडी आणून माळ्यावर डोकावलं तर ती तिथेच होती, पुसून, दोरीने बांधून. आम्ही बाहेरगावी होतो तेव्हा तुझ्या नवऱ्याने ती आणून पायात येऊ नये म्हणून कपाटावर चढून वर सरकवली होती, असं त्याने सांगितल्याचं वहिनीला आता आठवतंय. घराची किल्ली तिनेच त्याला दिली होती. माळ्यावर बघायला शिडी नव्हती म्हणून तीन वर्षं शिडी दिसली नाही. कपाटाचं दार तेव्हापासून तिरकं झालंय, पण त्याबद्दल मी एक अक्षर काढणार नाही.

ता. क. तिसरा, हा त्याला वाचून दाखवलास तर माझी हरकत नाही. चौथं वाक्य होतं, ‘तू नसतास तर मी मोठा नट झालो असतो.’ तुझ्या लग्नाच्या आधी एका नाटकात मला घेतलं होतं आणि त्याला नाही, ते मी पंधरा दिवसांत सोडलं. त्याच्यासाठी सोडलं हे त्याला मी कधी कळू दिलं नव्हतं, आणि कळू दिलं ते असं. पण तेही खरं नाही. मी ते नाटक सोडलं कारण तालीम संपल्यावर चहाला बरोबर कोणी नसायचं. शुक्रवारच्या कागदावर, कळ तुटल्यावर, झेपला एकच शब्द दिलाय, ‘डबा?’ आणि पुढे त्याचे ओठ पूर्ण पाच सेकंद हलतात. भाषांतर करणाऱ्या बाईंनी तिथे काही लिहिलेलं नाही. ते मी भरणार आहे. त्याला म्हणावं, तेवढे पाच सेकंद हेडफोन काढू नकोस.