वाफेचं मशीन शेजारी होतं

बाबा, आज तुमच्यावर राग काढायला कागद घेऊन बसलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. तुमच्या फोटोला हार घालताना मी हात जोडतो, चारचौघांत चांगला मुलगा दिसतो. पण आत राग तसाच आहे आणि तो सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

मलकापूरच्या जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाऊन तुमची छाती गेली. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी वाफेचं मशीन, नेब्युलायझर, घरी आणलं. कपात औषध किती टाकायचं, मास्क नीट बसवून ताठ कसं बसायचं, झालं की कप-मास्क धुऊन स्वच्छ फडक्यावर कसे वाळवायचे, सगळं मी शिकून आलो आणि तुम्हाला शिकवलं. तुम्ही ते गल्लीला शिकवलं. कुणाला खोकला झाला की मशीन त्यांच्या घरी. विरजण द्यावं तसं तुम्ही ते देत होतात! मास्क परत यायचा तो चिकट, तंबाखूच्या वासाचा, आणि फिल्टर काळा. मी ओरडलो की तुम्ही म्हणायचात, "मशीन घरात ठेवून काय लोणचं घालाचं हाय? लोकायचा दम बी दमच असते." वर माझ्यावरच हसायचात. आईसुद्धा हसायची.

मग तो दिवस. भर दुपार, तुम्हाला दम लागलाय, ओठ निळे पडताहेत आणि मशीन शेजारच्या काकांकडे. काका घरच्यांसह लग्नाला देऊळगाव राजाला गेलेत, दाराला कुलूप. खिडकीतून मला मशीन दिसतंय, फळीवर, वर रुमाल झाकलेला. मी दगड उचलतो. ओट्यावर बसून, एकेक शब्द ओढत तुम्ही म्हणता, "कुलूप नको तोडू बे. लोकाच्या घराचं कुलूप हाय ते." इथं जीव चाललाय आणि तुम्हाला कुलुपाची पडलीय! मी ऐकलं तुमचं. गाडी मिळवली, दवाखान्याकडे निघालो, तर वाटेत तुम्ही म्हणालात, "त्यायले सांगू नको." उरलासुरला श्वास तुम्ही काकांवर खर्च केलात, माझ्यासाठी एक शब्द ठेवला नाहीत. दवाखाना आला तेव्हा तुम्ही नव्हतात.

मशीन त्यांच्या कुलपात होतं म्हणून तुम्ही गेलात, हे काकांना आजही माहीत नाही; छातीत कळ येऊन गेले, असंच मी सांगितलं. "तुझा बाप देवमाणूस होता," असं ते येता-जाता सांगतात आणि मी दात आवळून ऐकतो. देवमाणूस! देवमाणसाच्या घरच्यांना काय भोगावं लागतं ते कुणी विचारत नाही.

आता तुमचीच छाती माझ्या वाट्याला आलीय आणि तसंच मशीन घरात आहे. ते मी उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. गल्ली मला चिंगूस म्हणते, म्हणू दे. गेल्या आठवड्यात काका आले, धापा टाकत, हातात डॉक्टरची चिठ्ठी आणि औषध. मी म्हणालो, "बिघडलं हाय, काका." नुकताच धुतलेला कप आणि मास्क त्यांच्यासमोरच फडक्यावर वाळत होते. काकांनी तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "बिघडलं काय? आन इकडे. मी उद्या मलकापूरले चाललोच, दाखवून आणतो." आता माघार कशी घ्यायची? दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पिशवी आणून ठेवली. "झालं चालू. वायर ढिली होती म्हने." कसली वायर! ते माझ्याकडे बघत नव्हते. येताना स्वतःसाठी नवा मास्क मात्र विकत घेऊन आले होते.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, औषध भरलं, मशीन लावलं. म्हणालो, "काका, बोलू नका. तोंडानं हळू श्वास घ्या." त्यांना उत्तर देता येणार नव्हतं, आणि इतकी वर्षं घोटलेलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. तुमच्या शब्दासाठी नाही, तो तर मी केव्हाच मोडला असता. त्यांच्या गळ्याची शीर उडत होती, तिच्याकडेच बघत राहिलो.

हा कागद चुलीत टाकणार आहे. काकांची नात आमच्याकडे येते-जाते, आणि तिला वाचता येतं. तुमच्यावरचा राग गेला असं समजू नका. फक्त, काकांचा दम मोकळा झाला तेव्हा मला बरं वाटलं, बाबा, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतोय.