आवाजाचं शुद्धलेखन

शहादा, मंगळवार

तीर्थस्वरूप कौसाबाई फुईस,
नवनीतचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना चंदनदादा हात धरतो की नुसता धरतो म्हणतो, तेही कळवावे. इकडे आई बरी आहे. तुमच्या भावाला, म्हणजे आप्पांना, खोकला आहे (तुमचं नाव निघालं की वाढतो, एरवी नाही).

माझ्या लग्नाला अकरा दिवस उरले. पत्रिकेत मी तुमचं नाव ‘कौसल्याबाई’ छापलं, कारण शुद्ध रूप तेच असं मला वाटलं. (दहावीचं गणित राहिलं, पण मराठीत मला कोणी नाव ठेवलेलं नाही.) त्यावर तुमचा निरोप आला, “ती कौसल्याबाई कोन शे? तिलेच बलावा.” तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. तुमच्यासाठी एक पत्रिका वेगळी छापून सोबत जोडली आहे. ‘कौसाबाई’ तीनदा तपासलं.

आता दुसरा गुन्हा. चंदनदादा परवा मी फॉर्म भरतो त्या पन्नालालशेठच्या दुकानात आला, आपल्या साध्या फोनचं मेमरी कार्ड टेबलावर ठेवून ‘आईनं दिलंय’ एवढंच बोलला आणि अक्कलकुव्याची जीप धरली. मला वाटलं, तुम्ही सांगितलेलं पत्र त्यानं लिहून आणलं. कार्डात एकच फाइल होती. कॉम्प्युटरनं विचारलं, कशात उघडू? मी अर्ज टाइप करतो ते नोटपॅड दाखवलं. खाली बारीक चौकोन होता, ‘नेहमी यातच उघडा’. आमच्या दुकानात एकही चौकोन रिकामा सोडत नाहीत (एका चौकोनापायी धडगावच्या भिलादादांना पुन्हा घाट उतरावा लागला होता). मी टिक केली.

पडद्यावर टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं आणि काळे ठिपके उमटले. मला नवल वाटलं नाही, चंदनदादाचं शुद्धलेखन मी चौथीपासून ओळखतो. मी दुरुस्तीला बसलो. सगळ्यात वर एक जाळी (#) आणि उद्गारचिन्ह होतं. मोठ्या माणसाचं पत्र असं सुरू होत नाही, म्हणून ते खोडून ‘श्री’ घातलं. उघडे कंस मिटवले, दुहेरी स्वल्पविराम एकेरी केले. (प्रश्नचिन्हं तेवढी ठेवली. तुमचा राग त्यांत दिसत होता, तो खोडायचा मला अधिकार नाही.) मग सेव्ह केलं.

काल बँडवाला भावेश तसल्याच साध्या फोनवर भरलेली गाणी घेऊन आला, तर त्याचीही गाणी अक्षरं होऊन उघडायला लागली. शेठजींच्या सूनबाई फाल्गुनीभाभी उठून आल्या. त्यांनी फाइलवर उजवं बटण दाबलं, नोटपॅडच्या जागी गाणी वाजवायचा प्रोग्रॅम निवडला आणि तोच चौकोन पुन्हा टिक केला. भावेशची गाणी वाजली. तुमची फाइल गप्प. भाभींनी ती पुन्हा नोटपॅडात उघडून पाहिली, वरचं ‘श्री’ वाचलं आणि न हसता म्हणाल्या, “नवनीतभाऊ, हे पत्र नाही, आवाज आहे. तुम्ही आवाजाचं शुद्धलेखन तपासलंत.”

चंदनदादाला फोन केला तेव्हा कळलं, येणार नाही म्हणालात तरी हळदीची गाणी म्हणून पाठवली होतीत. फुई, मी दुकानात सगळ्यांसमोर डोळे पुसले. काजलताईच्या हळदीला तुम्ही गाण्यात एकेकाचं नाव गुंफत होतात. ‘नवनीत’ चालीत बसेना, तेव्हा ‘नवन्या’ केलंत. नाव चुकवलं म्हणून मी त्या दिवशी जेवलो नव्हतो. आता नवरीचं ‘स्वप्नाली’ हे नाव त्या चालीत कसं बसवलंत, ते ऐकायचं राहून गेलं. मला क्षमा करावी.

तुमचा भाचा,
नवनीत (नवन्याही चालेल)

ता. क. : हळदीच्या दिवशी सकाळी आठला तुमच्या दाराशी गाडी उभी राहील. आप्पा स्वतः येणार आहेत. मी हे सांगितल्याचं त्यांना सांगू नये.

आणखी ता. क. : त्याच गाण्यांची दुसरी प्रत चंदनदादाच्या फोनमध्येच आहे, असं त्यानं आत्ताच कळवलं. पाठवू का, म्हणाला. मी नको म्हटलं, गाडी येणारच आहे. तुम्हीही पाठवू देऊ नका.