कुपीच्या तोंडाशी घेतलेलं नाव

पुराचा दुसरा महिना, दिवस तिसरा
पोचले एकदाची! नवी राजधानी, नदीचा वारा आणि काचेची भट्टी. मुकादम पेनबुई बडबड्या, पण मनाचा चांगला. म्हणाला, तामितबाई, हात बारीक आहेत तुमचे, कुप्यांची पोटं काढायला बरे. कांबीवर शेणमातीचा गोळा थापायचा, त्यावर तापल्या निळ्या काचेचे वेढे घ्यायचे, आणि कुपी निवली की आतली माती खरवडून काढायची. ते माझं काम. भाकरी, कांदे, जवाची बिअर पोटभर. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं. त्याचं नाव घेणारी मी एकटीच उरले; मी विसरले तर तो पुन्हा मरेल. हे लिहितेय त्या खापरीवर मात्र नाव लिहीत नाही. खापरी फुटली तर नावही फुटायचं. तोंडातच ठेवते.

दिवस बारावा
इथला रिवाज असा, की पोट काढण्याआधी कुपीच्या तोंडाशी मालकिणीचं नाव घ्यायचं. मग कुपी तिची होते. आज एक बेवारशी कुपी हाती आली. बायका गप्पा मारत घरी निघाल्या, मला कुणी चल म्हटलं नाही. फार एकटं वाटलं. कुपीच्या तोंडाशी नवऱ्याचं नाव घेतलं. बरं वाटलं.

दिवस पंधरावा
कुपी वीतभरसुद्धा नाही, पण माती संपतच नाही! पेनबुई म्हणाला, बाई, कुपी खरवडताय की नाईल उपसताय? सगळे हसले, मीही हसले. जेवताना त्याचा चेहरा आठवेना. दमले असेन.

दिवस सतरावा
मातीतून तागाची चिंधी निघाली. त्याच्या प्रेताला गुंडाळलेली. शिवण माझ्या हातची.
पेनबुईला दाखवली, कुपीत नाव घेतल्याचं सांगितलं; तो पांढराफटक पडला. मेलेल्याचं नाव सांगितलंत? अहो, कुपी त्याची नाही झाली, तो कुपीचा झाला! खरवडाल तर तो सरेल, तुमच्या आठवणीतूनही; थांबाल तर आत गुदमरेल.

दिवस अठरावा
हात लावला नाही. आतून ठकठक. दिवसभर.
नाही सहन झालं — थोडीशीच काढली —

दिवस एकोणिसावा
नाव आठवत नाही.
पेनबुईला विचारलं. म्हणाला, तुम्ही मला कधी सांगितलंतच नाही. खरंच की. मूर्ख मी, मूर्ख —

दिवस विसावा
तळाशी चिमूटभर माती. कान लावला. तामित, तामित — माझं नाव त्याला पाठ आहे. ओ देते रे. एकदा नावानं हाक मार म्हणतोय, म्हणजे सुटेन — मारते, थांब, ओठांवर आहे — अरे —